पुण्याची नदी, बोटींच्या शर्यती आणि शेवटची रेषा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळानं "आयटीबद्दल काहीतरी लिही" असं सुचवलं होतं. आपल्या तुकडीतले निम्मे लोक आयटीत आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं आयटीत जायच्या वाटेवर आहेत, तेव्हा त्या विषयावर मी नवं काय सांगणार? त्यापेक्षा माझ्या रविवारांबद्दल लिहिते. वर्षातले काही रविवार मी बोटींच्या शर्यतींत, अंतिम रेषेवर वेळ नोंदवणाऱ्यांच्या टेबलाशी बसलेली असते. अभियांत्रिकीला असताना संगमावरच्या बोट क्लबात वल्हं हातात घेतलं. पुढे वल्हं सुटलं, पण स्टॉपवॉच हातात राहिलं.

हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पुण्यात? आणि बोटी?" या प्रश्नाचं उत्तर पावणेदोनशे वर्षं मागे जातं.

शर्यतीला नुसतं पाणी असून भागत नाही, संथ पाणी लागतं. आपली नदी मुळात तशी नाही. पावसाळ्यात लोंढा आणि उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, हा दख्खनच्या नद्यांचा स्वभाव. पुण्याच्या लष्कर भागाला पाण्याची सोय व्हावी म्हणून येरवड्याजवळ मुळा-मुठेवर बंधारा बांधला गेला. तो १८५० साली पूर्ण झाला. खर्चाचा मोठा भाग सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून आला. बंधाऱ्याशेजारी बाग झाली, तिला लोक बंडगार्डन म्हणू लागले. त्या 'बंड'चा अर्थ बांध, हे आज किती जणांच्या लक्षात येतं कोण जाणे! १८६०च्या दशकात जवळच फिट्झजेरल्ड पूल उभा राहिला, म्हणजे आपला जुना बंडगार्डन पूल.

बंधारा पिण्याच्या पाण्यासाठी होता, पण त्यानं मागे संगमाच्या दिशेनं पाणी तुंबवलं आणि शहराला एक लांबट, शांत डोह मिळाला. कॅन्टोन्मेंटमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांना तो डोह पाहून थेम्स आठवली असणार. १८६८ साली इथे बोट क्लब निघाला. कलकत्त्याचा १८५८चा आणि मद्रासचा १८६७चा क्लब सोडला, तर भारतातल्या सगळ्यात जुन्या रोइंग क्लबांत त्याची गणना होते. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती होता. त्याच्या नावावरून हा क्लब 'रॉयल कॉनॉट बोट क्लब' म्हणून ओळखला जातो. ज्या रस्त्यावर तो आहे, तो आपला बोट क्लब रोड. आज त्या रस्त्यानं जाणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना नावातली बोट कुठून आली हे ठाऊक नसतं.

भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती वल्ही आली ती नदीच्या वरच्या अंगाला. १८५४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा, बोट क्लब १९२८चा. त्यांचा रेगाटा पुणेकरांच्या ओळखीचा आहे : संध्याकाळच्या वेळी पाण्यावर बाणाच्या आकारात सरकणाऱ्या बोटी, कयाकचा बॅले, पंटच्या रचना आणि अंधार पडल्यावर मशालींचा खेळ. काठावरची गर्दी हे सगळं पाहायला येते. पण 'रेगाटा' या शब्दाचा मूळ अर्थ शर्यतींची मालिका, आणि शर्यत म्हटली की कुठेतरी एक रेषा आणि तिच्याकडे टक लावून बसलेलं एक माणूस आलंच.

शर्यतीची हौस काही इंग्रजांनीच आणली असंही नाही. सांगलीला पावसाळ्यात कृष्णा भरली की सांगलीवाडी, कसबे डिग्रज अशा गावांच्या होड्या पाण्यात उतरतात आणि १९२९ सालच्या आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा उरत नाही. गावाची इभ्रत होडीत बसलेली असते. अशा वेळी आधी कोण पोचलं हे सांगणाऱ्याची छाती मोठीच असावी लागते.

या सांगणाऱ्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट इंग्लंडमधली आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची थेम्सवरची शर्यत २४ मार्च १८७७ रोजी झाली. शेवटच्या टप्प्यात ऑक्सफर्डच्या एका वल्हेकऱ्याचं वल्हं निकामी झालं, मागची केंब्रिजची बोट झपाट्यानं वर आली आणि दोन्ही बोटी जवळजवळ एकदमच पोचल्या. रेषा दाखवणारे खांब तिथे नव्हते. निकाल देणारे जॉन फेल्प्स हे वयस्कर नावाडी, नदीवर त्यांना 'प्रामाणिक जॉन' म्हणत. त्यांनी बरोबरीचा निकाल दिला. त्या शर्यतीच्या इतिहासातली ही एकमेव बरोबरी. ऑक्सफर्डवाल्यांना हे पटलं नाही. मग फेल्प्स झुडपाखाली दारू पिऊन झोपले होते अशी दंतकथा निघाली आणि ती शंभरावर वर्षं चघळली गेली. खरं तर दोष होता तो समोर नीट आखलेली रेषा नसण्याचा. नंतर तिथे खांब उभे राहिले. २००३ साली त्याच नदीवर, सुमारे पावणेसात किलोमीटर वल्हवून, ऑक्सफर्डची बोट एका फुटानं जिंकली आणि तो निकाल सगळ्यांनी मानला. खांब होते म्हणून मानला.

रेषेचं महत्त्व मला एका वडिलांनी शिकवलं. एका स्पर्धेत मुलींच्या दोन बोटी अगदी चुरशीनं आल्या. निकाल लागला तसे पलीकडच्या लेनमधल्या मुलीचे वडील रागानं टेबलाशी आले. "मी डोळ्यांनी पाहिलंय, माझी मुलगी पुढे होती." ते खोटं बोलत नव्हते. ते रेषेच्या पंधरा पावलं पुढे उभे होते. मुख्य पंचांनी वाद घातला नाही. पुढच्या शर्यतीच्या वेळी त्यांनी त्या गृहस्थांना आपल्या खुर्चीच्या मागे उभं केलं. आमच्यासमोर एक उभी तार ताणलेली असते आणि समोरच्या काठावर एक खूण असते. डोळा, तार आणि खूण एका ओळीत आली की ती रेषा. बोटी आल्या, गेल्या. गृहस्थ काही बोलले नाहीत, पण परत जाताना ते जिथे आधी उभे होते तिथे थांबून एकदा तारेकडे पाहून गेले.

हिशेब सोपा आहे. समजा आपण रेषेच्या पाच मीटर पुढे उभे आहोत. जवळची बोट आपल्या काठापासून ४० मीटरवर आहे, लांबची ९० मीटरवर. जवळची बोट रेषेला टेकली त्या क्षणी, लांबची बोट सव्वासहा मीटर मागे असली तरी आपल्याला ती बरोबरीत दिसते! एकट्यानं वल्हवायची बोट साधारण आठ मीटर लांब असते. म्हणजे पाऊण बोटीचा फरक नुसत्या उभं राहण्याच्या जागेनं नाहीसा होतो. काठावरचा प्रत्येक माणूस त्याच्या जागेवरून खरंच सांगत असतो, पण निकालाला उपयोगी पडणारी जागा एकच असते.

आता घड्याळाकडे येते. रोइंगची मुख्य शर्यत २००० मीटरची. सहा लेन, प्रत्येक साडेतेरा मीटर रुंद. बोटीच्या टोकावर रबराचा पांढरा गोळा असतो, किमान चार सेंटिमीटर व्यासाचा. टक्कर झाली तर कुणाला इजा होऊ नये म्हणून तो बसवतात. बोटीचं टोक रेषेला लागलं की शर्यत संपली. वल्हेकरी कुठे बसला आहे, त्याचा हात कुठे आहे, याला महत्त्व नाही. एखादा वल्हेकरी वाटेत पाण्यात पडला तरी उरलेल्यांनी बोट आणली तर ती मोजली जाते, सुकाणू धरणारा कॉक्स मात्र बोटीत असावाच लागतो.

पूर्वी स्टॉपवॉच सेकंदाचे पाच भाग दाखवत. सुरुवात दोन किलोमीटर लांब, घड्याळ इकडे. तिकडे पिस्तूल उडालं तर आवाज इथे पोचायला जवळपास सहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात बोटी २५-३० मीटर पुढे गेलेल्या असतात. म्हणून वेळ नोंदवणारे आवाजाकडे दुर्लक्ष करून दुर्बिणीतून सुरुवातीच्या झेंड्याकडे पाहत. झेंडा पडला की बटण. पुढे टेलिफोन आला, वायरलेस आला, आता सुरुवातीची खूण तारेवरून किंवा रेडिओवरून थेट घड्याळात उतरते. माझ्या नोकरीत दोन शहरांतल्या दोन सर्व्हरची घड्याळं जुळवण्यात माणसांची आयुष्यं जातात. तोच प्रश्न झेंडा आणि दुर्बिणीनं सोडवणाऱ्या जुन्या मंडळींबद्दल मला फार आदर वाटतो.

माणसाच्या बोटाला डोळ्यानं पाहिल्यावर बटण दाबायला सुमारे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. सात मिनिटांत २००० मीटर जाणारी बोट तेवढ्या वेळात जवळजवळ एक मीटर पुढे सरकते. सेकंदाच्या शंभराव्या भागात ती पाच सेंटिमीटर जाते, म्हणजे टोकावरच्या त्या गोळ्यापेक्षा किंचित जास्त. त्यात बोट एकसारख्या वेगानं जात नाही. वल्हं पाण्यातून काढून वल्हेकरी मागे सरकतो, तेव्हा बोट पुढे उसळते. वल्हं पुन्हा पाण्यात शिरताना ती क्षणभर अडखळते. जवळ जवळ असलेल्या दोन बोटींची टोकं म्हणूनच आलटून पालटून पुढे दिसतात. रेषेआधी एक मीटर कोण पुढे होतं आणि रेषेनंतर एक मीटर कोण, याला काही अर्थ नसतो.

म्हणून या खेळात क्रमांक आणि वेळ ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत. क्रमांक देणारे पंच घड्याळाकडे पाहत नाहीत. त्यांची नजर तारेवर असते आणि ते लेनचे आकडे उच्चारतात : तीन, एक, पाच. प्रत्येक टोकाला भोंगा वाजतो. शेजारी एक जण ते आकडे लिहून घेतो. आम्ही वेळ घेणारे फक्त वेळ घेतो. दोन्ही कागद पूर्ण झाल्यावरच शेजारी ठेवले जातात. घड्याळ एक सांगतंय आणि डोळा दुसरं, असं झालं तर फोटो-फिनिशची तबकडी उघडतात. हा कॅमेरा साधा फोटो काढत नाही. तो रेषेवरची एक बारीक फट तेवढी पाहतो आणि सेकंदाला हजारो वेळा ती टिपून एकाशेजारी एक लावत जातो. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे अंतर नसतं, वेळ असते. पहिल्यांदा ते पाहताना बोटी वितळल्यासारख्या वाटतात. मग सवय होते.

२०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या एकेरी स्कल्सच्या अंतिम शर्यतीत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा डामिर मार्टिन या दोघांची वेळ एकच लागली : ६ मिनिटं ४१.३४ सेकंद. घड्याळ थांबलं तिथे चित्रानं निकाल दिला, सुवर्ण ड्रायस्डेलला. याच प्रकारात, याच रेषेवर, आपला एक मराठी माणूस आला होता. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. घरच्या गरिबीमुळे विहिरी खोदण्याच्या कामावर गेलेला, सैन्यात भरती होऊन खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आलेला, आणि सुरुवातीला पाण्याला घाबरणारा. त्यानं 'क' अंतिम फेरी ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि एकूण तेरावा क्रमांक मिळवला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत आजारपणामुळे एकेरीत तो शेवटचा आला, आणि दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्ट २०१८ला, सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या स्कल्समध्ये ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत सुवर्ण घेऊन आला.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. दत्तूचा तेरावा क्रमांक ही पक्की गोष्ट आहे. त्याची वेळ त्या दिवसापुरती आहे. पाठीवर वारा असेल तर बोट अर्धा मिनिट लवकर येते, तोंडावर असेल तर तेवढीच उशिरा. पाणी गार की कोमट, लाटा किती, प्रवाह कसा, सगळं वेळेत मिसळतं. म्हणूनच जागतिक रोइंग संघटना 'विश्वविक्रम' हा शब्द वापरत नाही, 'सर्वोत्तम वेळ' एवढंच म्हणते. धावण्यात माणूस घड्याळाशी झुंजू शकतो. बोटीत तो शेजारच्या लेनमधल्या बोटीशीच झुंजू शकतो, कारण वारा आणि पाणी त्या दोघांनाच सारखं मिळालेलं असतं. आमच्या टेबलावरच्या दोन कागदांत क्रमांकाचा कागद वरच्या मानाचा आहे, वेळेचा त्याच्या खालचा. वेळ घेणारी असून मी हे लिहिते आहे.

त्या क्रमांकावर काय काय अवलंबून असतं! महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे तिसरा आणि चौथा यांच्यातला फरक म्हणजे कधी कधी नोकरी मिळणं आणि न मिळणं. आमच्या समोरून जाणारी बरीचशी मुलं-मुली लहान गावांतून आलेली असतात. कुणाचे वडील शेतकरी, कुणाची आई अंगणवाडीत. चहाच्या कपाशेजारी पडलेल्या त्या कागदावरचा एक आकडा त्यांच्या घरी वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार असतो. रेषेवर बसल्यावर फोनकडे बघायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे नियम मला म्हणूनच जाचक वाटत नाहीत.

मुलींबद्दल एक ओळ जास्त लिहायची आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचं रोइंग आलं १९७६ साली, आणि तेही १००० मीटरचं. स्त्रियांना २००० मीटर झेपणार नाहीत असा समज होता. १९८८पासून त्या पूर्ण अंतर जातात. म्हणजे आधी रेषा तीच होती, फक्त त्यांची सुरुवात अर्ध्या वाटेवर आणून ठेवली होती. शाळेत मुलींसाठी वेगळे, हलके खेळ असायचे ते आठवून मला या माहितीचं फारसं नवल वाटलं नाही.

आता पुन्हा नदीकडे. ज्या डोहामुळे पुण्यात हा खेळ आला, त्याची अवस्था आपण सगळे पुलावरून जाताना काच वर करून पाहतो. वरच्या धरणांनी पाणी अडवलं, शहर वाढलं, आणि पावसाळा सोडला तर पात्रात मुख्यतः सांडपाणीच वाहू लागलं. त्यावर पोसलेली जलपर्णी हिवाळा-उन्हाळ्यात अख्खं पात्र झाकून टाकते. जलपर्णीत वल्हं अडकलं की ते बाहेर काढायला दोन हात लागतात, आणि लेन तर आखताच येत नाहीत. जपानच्या मदतीनं ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांचा नदीसुधार प्रकल्प २०१६ साली मार्गी लागला. ती सगळी केंद्रं नीट चालली, तर त्याचा पहिला पुरावा वल्हवणाऱ्यांच्या नाकालाच मिळेल.

दरम्यान मोठ्या शर्यती नदी सोडून गेल्या. दापोडीच्या सैन्य अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, सीएमईत, रोइंगसाठी खास कालवा आहे. सरळ, बंदिस्त, प्रवाह नसलेला. सैन्याचं रोइंग केंद्र तिथे आहे, राष्ट्रीय स्पर्धाही तिथे झाल्या आहेत. दत्तू तिथेच तयार झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये दुहेरी स्कल्सच्या हलक्या वजनगटात अकरावे आलेले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग हेही तिथलेच. १८५०चा बंधारा आणि दापोडीचा कालवा यांच्यात एक नातं आहे. दोन्ही ठिकाणी माणसानं पाणी थांबवलं, मगच त्यावर रेषा आखता आली. फरक इतकाच की बंडगार्डनची शर्यत पाहायला शहर आपसूक यायचं; दापोडीला सैन्याच्या फाटकातून परवानगी घेऊन जावं लागतं. खेळ चांगला झाला आणि नजरेआड गेला. पुण्यातून ऑलिंपिकला वल्हेकरी जातात हे पुणेकरांनाच माहीत नाही, ते यामुळे.

म्हणून शेवटी आपल्या शाळेच्या सगळ्या तुकड्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा, वडील, काका अभियांत्रिकीला, लष्करात किंवा कॅन्टोन्मेंटच्या कचेऱ्यांत होते. घर आवरताना पितळी कप, वल्ह्याचं चित्र असलेलं पदक, रेगाटाची छापील कार्यक्रमपत्रिका, पाण्याकाठी टोपी घालून उभ्या असलेल्या माणसांचा फोटो असं काही सापडलं, तर ते भंगारात किंवा रद्दीत देऊ नका. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, वेळ, लेनचा आकडा असेल तर तो भाग आधी पाहा. फोटो काढून मला पाठवा, स्मरणिका समितीकडे माझा पत्ता आहे. अशा शर्यतींचे निकाल सुट्या कागदांवर लिहिलेले असतात आणि सुटे कागद फार टिकत नाहीत. जे हाती येईल ते तारखेप्रमाणे लावून, नीट स्कॅन करून, शाळेच्या ग्रंथालयात ठेवायचं मी ठरवलं आहे. पहिली फाईल उघडली आहे, तिच्यावर वर्ष लिहिलं आहे : १८६८. पुढची पानं भरायला तुमची मदत लागेल.